हाडात उतरलेला कॅन्सर : ठणका सोसायचा की थांबवायचा?

"कॅन्सर हाडात उतरलाय," एवढे एक वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की घरची माणसे दोन गोष्टी एकदम धरून चालतात. एक म्हणजे, आता काही उरले नाही. दुसरी म्हणजे, आता हे दुखतच राहणार. पहिल्या गोष्टीवर नातेवाईक जमून रात्र रात्र चर्चा करतात, कर्ज काढतात, गावाकडचा जमिनीचा तुकडा विकायला काढतात. दुसऱ्या गोष्टीवर मात्र कुणी बोलत नाही. आजारी माणूस भिंतीकडे तोंड करून कण्हत असतो आणि बाकीचे घर पडद्यापलीकडे गप्प बसलेले असते.

वाचकहो, आजच्या सदरात आम्हाला या दुसऱ्या गोष्टीबद्दलच बोलायचे आहे. रोग बरा होईल की नाही हा एक प्रश्न, आणि दुखणे कमी होईल की नाही हा अगदी वेगळा प्रश्न. या दोन प्रश्नांची कागदपत्रे आपण एकाच फायलीत लावतो आणि पहिल्यावर "अशक्य" असा शेरा पडला की दुसराही त्याच्यासोबत दप्तरबंद होतो. आम्ही काही डॉक्टर नव्हे. कचेरीत आवक-जावक लिहिणारी माणसे आम्ही. पण वस्तीतल्या रुग्णांबरोबर परळच्या फेऱ्या करता करता, डॉक्टरांना विचारता विचारता आणि मिळेल ते वाचता वाचता जे कळले, ते वाचकांपुढे ठेवणे आम्हाला आमचे काम वाटते.

आधी हाड का दुखते ते पाहू. आपले हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असते. त्यात जुने खोदून काढणाऱ्या पेशी असतात व नवे भरणाऱ्या पेशी असतात, आणि दोघींचे काम जन्मभर चालू असते. कॅन्सरची पेशी रक्तातून हाडात येऊन बसली की ती खोदणाऱ्यांना चिथावते. खोदकाम वाढते, भराई मागे पडते आणि हाड आतून पोखरले जाते. (प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरमध्ये बहुधा उलटे होते, नको तिथे नवे हाड तयार होते; पण तेही कच्चेच असते.) हाडाच्या वरच्या पातळ आवरणात दुखणे जाणवून देणाऱ्या नसा दाटीने असतात. आतली गाठ वाढून आवरण ताणले गेले, किंवा पोखरलेल्या हाडाला बारीक चीर गेली, की या नसा ओरडू लागतात. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉइड या पाच जागांचे कॅन्सर हाडाकडे विशेष धावतात. त्यातही पाठीचे मणके, कमरेचे हाड, बरगड्या, मांडीचे हाड व दंडाचे हाड ही त्यांची आवडती ठिकाणे.

हा ठणका साध्या कंबरदुखीसारखा नसतो. साधी कंबर कामाने दुखते आणि आडवे पडले की बरे वाटते. हा ठणका रात्री वाढतो, अंथरुणावर पडल्यावरही सोडत नाही, कूस बदलताना जीव घेतो. ज्यांना पूर्वी कॅन्सर होऊन गेला आहे, मग त्याला पाच वर्षे झाली असोत की दहा, त्यांनी अशी पाठ दुखू लागली तर "धुणी-भांडी जास्त झाली असतील" म्हणून सोडून देऊ नये. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. अशा पाठीला कडक मालीश करू नये, हाडवैद्याकडून झटका देऊन "बसवून" घेऊ नये, आणि आपल्याकडे पोराला पाठीवर उभे करून तुडवून घेण्याची जी रीत आहे ती तर मुळीच करू नये. पोखरलेला मणका एवढ्यानेही खचू शकतो.

पाय जड पडू लागले, पायांना मुंग्या-बधिरता आली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर मात्र उद्याची वाट पाहू नये. याचा अर्थ मणक्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूवर दाब पडला असण्याचा संभव आहे. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात तातडीच्या विभागात न्यावे. चालणारा माणूस वेळेवर पोचला तर बहुधा चालता राहतो; पाय पूर्ण गेल्यावर पोचला तर ते परत येणे फार कठीण असते.

आता उपायांकडे. पहिला मान अजूनही किरणोपचाराचा, म्हणजे आपली माणसे ज्याला "लाईट घेणे" किंवा "शेक" म्हणतात त्याचा. पुष्कळांना वाटते की त्यासाठी महिना-दीड महिना रोज खेटे घालावे लागतात. मूळ रोगावरच्या उपचारात ते खरे असते. हाडाच्या दुखण्यासाठी मात्र एकाच दिवशी दिलेला ८ ग्रे एवढा एक डोस हा दहा दिवस थोडा थोडा दिलेल्या डोसाइतकाच दुखणे कमी करतो, हे अनेक देशांतल्या चाचण्यांतून दिसून आले आहे. दहापैकी साधारण सहा जणांना आराम पडतो. फरक एवढाच की एका डोसवाल्यांना पुढे कधी तरी पुन्हा डोस घेण्याची वेळ जास्त येते. गडचिरोलीहून किंवा सिंधुदुर्गातून आलेल्या, मुंबईत राहायला जागा नसलेल्या माणसाला एका दिवसाचे काम आणि दहा दिवसांचे काम यातला फरक किती मोठा आहे, हे आम्ही वेगळे सांगायला नको. तेव्हा डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, "साहेब, यांना एका डोसात होण्यासारखे आहे का?" आराम पडायला दोन ते चार आठवडे लागतात व पहिले काही दिवस दुखणे उलट वाढू शकते. त्याने घाबरून जाऊ नये.

पण या दहापैकी जे चार उरले त्यांचे काय? किंवा ज्यांच्या मणक्याला आधीच पुरेसा किरणोपचार देऊन झाला आहे त्यांचे? येथे सुईचे उपाय येतात, आणि हे सदर लिहावेसे वाटले ते त्यांच्यासाठी. मोठी चिरफाड नाही, टाके नाहीत म्हणण्याइतके कमी. एक्स-रेच्या किंवा सीटी स्कॅनच्या पडद्यावर पाहत पाहत डॉक्टर कातडीतून एक जाड सुई थेट दुखणाऱ्या हाडात नेतात आणि तिच्यातून काम करतात.

यातला पहिला उपाय हाडात सिमेंट भरण्याचा. ऐकून हसू येते, पण शब्द खरोखर तोच आहे. डॉक्टर त्याला व्हर्टिब्रोप्लास्टी म्हणतात. १९८४ साली फ्रान्समधल्या आमिएँ या शहरात गालिबेर व देरामों या डॉक्टरांनी मानेच्या मणक्यातल्या एका गाठीने त्रस्त झालेल्या रुग्णावर तो प्रथम केला. हे सिमेंट म्हणजे आपल्या गवंड्याचे सिमेंट नव्हे. कृत्रिम खुबा बसवताना जे वापरतात तेच एक प्रकारचे ॲक्रिलिक. भुकटी आणि पातळ द्रव एकत्र कालवला की टूथपेस्टसारखा घट्ट लगदा होतो. तो काही मिलिलिटर, म्हणजे चमचाभर, मणक्यात सोडतात आणि थोड्याच मिनिटांत तो दगडासारखा होतो. खचलेल्या भिंतीला आतून टेकू मिळावा तसे होते. चिरा हलायच्या थांबतात आणि हलणे थांबले की दुखणे थांबते. त्याचाच दुसरा प्रकार कायफोप्लास्टी. त्यात आधी मणक्यात लहानसा फुगा फुगवून जागा करतात, मग सिमेंट भरतात. रुग्णाला पालथे झोपवून, जागा बधिर करून व गुंगी देऊन हे काम साधारण तासाभरात होते. कित्येकांना दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. ज्यांना आराम पडायचा त्यांना तो दोन-तीन दिवसांतच पडलेला दिसतो.

आमच्या माहितीतल्या एका ताईंचे उदाहरण द्यावेसे वाटते. चार घरची धुणी-भांडी करून त्यांनी दोन मुले शिकवली. छातीचे ऑपरेशन होऊन सहा वर्षे झाली होती. पाठ दुखायला लागली तेव्हा त्यांनी ती कुणाला सांगितलीच नाही; बाम लावून कामाला जात राहिल्या. आम्ही विचारले तर म्हणाल्या, "दादा, दोन बाळंतपणं सोसली, हे का नाही सोसणार?" पुढे बसून जेवणेही होईना. ज्या रुग्णालयात नेले तिथे तपासण्या झाल्या आणि मुलाला बाजूला घेऊन सांगण्यात आले की आता इथे करण्यासारखे काही नाही, घरी न्या. कागदावर दुखण्याबद्दल एक अक्षर नव्हते, साध्या दोन गोळ्या सोडल्या तर. आम्ही ते कागद घेऊन दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो रोगाचा नव्हे. "मावशी, रात्री झोप किती लागते?" असा विचारला. कंबरेच्या वरचा एक मणका खचला होता. मज्जारज्जू सुरक्षित होता. त्यात सिमेंट भरले, वेदनाशामक औषध वेळापत्रकाने सुरू केले, पुढे एक डोस किरणोपचार दिला. ताई बऱ्या झाल्या नाहीत. त्या आठ महिने जगल्या. पण त्या आठ महिन्यांतले बहुतेक दिवस त्या चटईवर बसून जेवल्या, धाकट्या मुलीच्या साखरपुड्यात खुर्चीवर बसून पाहुण्यांशी बोलल्या. आम्ही जमाखर्च शिकलेली माणसे. हे आठ महिने कोणत्या बाजूला मांडायचे याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

एका उदाहरणावरून मात्र नियम बांधू नये, म्हणून पुरावाही सांगतो. २०११ साली कॅन्सरच्या १३४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांचे एक ते तीन मणके खचलेले व दुखणारे होते. निम्म्यांवर फुग्याचा उपाय केला, उरलेल्यांना नेहमीचे औषधोपचार दिले. पाठीमुळे रोजची कामे किती अडतात हे मोजण्याचा २४ गुणांचा एक तक्ता असतो. जास्त गुण म्हणजे जास्त अडचण. महिन्याभरात उपाय केलेल्यांचे गुण सुमारे साडेसतरावरून नवावर आले, आणि दुसऱ्या गटाचे अठराच्या आसपास होते तिथेच राहिले. फरक मोठा आहे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००९ साली दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या होत्या. त्यात वयोमानाने ठिसूळ झालेल्या, कॅन्सर नसलेल्या मणक्यांत सिमेंट भरणे आणि नुसते भरल्याचे सोंग करणे यात फरक आढळला नव्हता. कॅन्सरच्या त्या चाचणीत असे सोंग करून तुलना केलेली नव्हती. तेव्हा ज्याची त्याची पाठ दुखली की सिमेंट, असा हा उपाय नाही. आमच्या मते तो नेमका मणका, नेमके दुखणे आणि अनुभवी हात या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच करून घ्यावा. सिमेंट बाहेर झिरपण्याचा धोका असतो. बहुधा त्याचा त्रास होत नाही, पण क्वचित ते नसेवर दाबते किंवा रक्तातून फुप्फुसात जाते. रक्त न गोठण्याचा दोष असेल, अंगात जंतुसंसर्ग असेल किंवा मज्जारज्जूवर आधीच दाब असेल तर डॉक्टर हा उपाय टाळतात किंवा वेगळा विचार करतात.

दुसरा उपाय गाठ जाळण्याचा. सुईच्या टोकातून रेडिओलहरींची वीज सोडतात, टोकाभोवतीचा भाग तापतो आणि तेवढ्या गोळ्यातल्या कॅन्सरच्या पेशी व दुखणाऱ्या नसांची टोके मरतात. हाडातल्या एका साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठीवर अमेरिकेतल्या बोस्टनच्या डॉक्टरांनी हे तंत्र वापरल्याचे १९९२ साली प्रसिद्ध झाले. पुढे ते कॅन्सरच्या ठणक्यावर आले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, इतर उपायांनी आराम न पडलेल्या ४३ रुग्णांवर हा उपाय केला होता. त्यांपैकी ४१ जणांचे दुखणे लक्षात येण्याजोगे कमी झाले. दहापैकी आठच्या घरात असलेला सर्वांत वाईट ठणका तीन महिन्यांनी सरासरी तीनवर आला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे खरे. पण ही माणसे आधी सगळे करून थकलेली होती हेही खरे.

याच्या नेमका उलट उपाय गाठ गोठवण्याचा. सुईत आर्गॉन वायू जोराने सोडला की टोक शून्याखाली फार खोलवर गार पडते व भोवती बर्फाचा गोळा तयार होतो. एकदा गोठवायचे, वितळू द्यायचे, पुन्हा गोठवायचे. हा बर्फाचा गोळा सीटी स्कॅनच्या पडद्यावर दिसतो, म्हणून नस वा आतडे जवळ असेल तर डॉक्टरांना कुठे थांबायचे ते कळते. जाळणे असो की गोठवणे, गाठ मेली तरी हाड पोकळच राहते. म्हणून मणक्यात किंवा कमरेच्या हाडात पुष्कळदा त्याच सुईच्या वाटेने नंतर सिमेंटही भरतात.

सुईसुद्धा नको असा एक प्रकार आहे. एमआरआय यंत्रात झोपवून बाहेरूनच ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटतात, भिंगाने ऊन एकवटून कागद जाळावा तसे. अमेरिकेत हाडाच्या ठणक्यासाठी त्याला २०१२ साली मान्यता मिळाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या १४७ रुग्णांच्या चाचणीत खऱ्या उपचाराने ६४ टक्क्यांना गुण आला, तर सोंग केलेल्यांपैकी २० टक्क्यांना. यंत्र अतिशय महाग आहे, तेव्हा आपल्या वाचकांना ते सहज मिळेल अशी आशा आम्ही दाखवत नाही.

येथे एक घोटाळा टाळायला हवा. सिमेंट वरून येणारा भार छान पेलते, पण वाकणे-पिळणे त्याला सोसत नाही. म्हणून मांडीचे किंवा दंडाचे हाड पोखरले असेल तर नुसते सिमेंट भरून भागत नाही, आत सळई घालण्याचे ऑपरेशन लागू शकते, तेही हाड मोडण्याच्या आधी केलेले बरे. आणि दुखणे एका-दोन जागी असेल तरच सुई कामाची. दहा ठिकाणी दुखत असेल तर शिरेतून देण्याची औषधे असतात. हाड खोदणाऱ्या पेशींना आवरणारे झोलेड्रॉनिक ॲसिड हे त्यातले एक. ते सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत, किडके दात आधीच काढून टाकावेत. नंतर दात काढला तर जबड्याच्या हाडाला इजा होण्याचा धोका असतो.

मग हे उपाय मागायचे कुणाकडे? गोम इथेच आहे. सुईची ही कामे करणारे डॉक्टर इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजी या विभागात किंवा वेदना विभागात, म्हणजे पेन क्लिनिकमध्ये बसतात. आपण वर्षानुवर्षे कॅन्सर विभागाच्या रांगेत असतो आणि त्याच इमारतीत हे दार आहे याची गंधवार्ता नसते. आपल्या डॉक्टरांना विचारावे, "यांच्या दुखण्यासाठी पेन क्लिनिकची चिठ्ठी द्याल का?" चिठ्ठी मागणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात हे विभाग आहेत. पुण्याकडच्या वाचकांसाठी वारजे येथे सिप्लाचे उपशामक केंद्र १९९७ पासून आहे आणि तिथे सेवा मोफत मिळते. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेले शांती अवेदना सदन आहे, बरे न होणाऱ्या कॅन्सर रुग्णांना ते आसरा देते.

पैशाची बाजू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आज राज्यात आहे. संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. रेशन कार्ड व आधार कार्ड घेऊन आधी तिथे जावे आणि डॉक्टरांनी सुचवलेला नेमका उपचार यादीत बसतो की नाही ते विचारावे. "योजनेत कॅन्सर आहे का" असे मोघम विचारले तर उत्तरही मोघम मिळते. खाजगी धर्मादाय रुग्णालय असेल तर तिथल्या समाजसेवकास भेटावे. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ एए खाली ठरलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून आधीच काढून ठेवावा, कारण ऐन वेळी तो मिळत नाही, हे आम्ही टेबलाच्या अलीकडून सांगतो.

डॉक्टरांकडे जाताना एक साधी वही न्यावी. रोज सकाळी, दुपारी व रात्री दुखणे दहापैकी किती ते लिहावे. कुठे दुखते, पडल्यावर की उठताना, गोळी किती वाजता घेतली, तिचा असर किती तास टिकला, झोप किती झाली, तेही लिहावे. दोन आठवड्यांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली तर ओपीडीतल्या पाच मिनिटांत जे बोलून होत नाही ते तिच्यातून कळते. आमच्या बायाबापड्यांसाठी हे विशेष गरजेचे आहे. त्या "बरं आहे" म्हणतात आणि डॉक्टर तेच कागदावर लिहितात.

मॉर्फिनच्या गोळीबद्दल मुद्दाम काही लिहिले नाही. तिचे नाव काढले की "व्यसन लागेल", "आता शेवट आला" अशी कुजबूज सुरू होते. १९८५ च्या कायद्याने ती मिळणे कसे अवघड झाले आणि २०१४ च्या दुरुस्तीने काय बदलले, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. तो पुढच्या अंकी. तोवर ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी ती वही आजच सुरू करावी.